काचेआडचा धनको

पैठणला नाथांचं दर्शन झालं की आई आम्हा भावंडांना घाटावर न्यायची आणि डब्यातल्या कणकेच्या गोळ्या आमच्या हातावर ठेवायची. गोळी पाण्यात पडते न पडते तोच मासे उसळी घेत. "माशाच्या पोटात गेलं की आपल्या खात्यावर जमा," असं ती म्हणे. पुढे माझा उभा जन्म एका सहकारी बँकेच्या काउंटरमागे जमा-नावे करण्यात गेला, पण आईची ही नोंद तपासून बघावी असं कधी मनात आलं नाही. ती पाळी आणली एका न खाणाऱ्या माशाने.

आमचं घर पुंडलिकनगरात, जलकुंभापासून फार लांब नाही. जलकुंभ जवळ म्हणजे पाणी जवळ असा समज कोणी करून घेऊ नये. इथे नळाला पाणी येण्याचा दिवस हा सणासारखा लक्षात ठेवावा लागतो, आणि तो चुकला की बायाबापड्या हंडे घेऊन त्याच जलकुंभावर धडकतात. अशा वस्तीत बैठकीच्या खोलीत काचेची टाकी ठेवून मासे पाळणारा माणूस शेजारपाजारच्यांना जरा अतीच वाटतो. निवृत्तीनंतर हा नाद वाढला. एका दुकानदाराकडे मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून माल येतो. त्या मालात एकदा गोल्ड नगेट प्लेको आला आणि मी तो घेतला. किंमत मंडळींना आजतागायत सांगितलेली नाही.

आपल्याकडच्या दुकानांत या साऱ्या कुळाला 'सकर' म्हणतात. तळाशी राहणारा, खालच्या बाजूला तोंड असलेला, त्या तोंडाने काचेला नाहीतर दगडाला चिकटून बसणारा मासा. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या. गोल्ड नगेटचं अंग काळंभोर, त्यावर बारीक पिवळे ठिपके आणि पाठीच्या व शेपटीच्या पराला पिवळी किनार. हा ब्राझीलमधल्या शिंगू नदीचा. ही नदी ॲमेझॉनला मिळते. या कुळातले मासे शास्त्रज्ञांनी नावं द्यायच्या आतच बाजारात येऊ लागले, तेव्हा १९८८ मध्ये एका जर्मन नियतकालिकाने त्यांना नुसते क्रमांक द्यायला सुरुवात केली. गोल्ड नगेट हा एल-१८. त्याचं रीतसर शास्त्रीय नामकरण झालं २०११ मध्ये. म्हणजे बारसं होण्याआधी कितीतरी वर्षं तो विकला जात होता. बँकेत असतो तर म्हटलं असतं, खातं उघडण्याआधीच उचल झाली.

नाजूक मासा घरी आणणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा प्रश्न त्यातूनच निघाला आहे.

लांबच्या प्रवासाला पाठवायच्या माशाला आधी उपाशी ठेवतात. पोटात काही असलं तर तो पिशवीत घाण करील आणि त्याच पाण्यात गुदमरेल, म्हणून. पिशवीत थोडं पाणी, वर भरलेला ऑक्सिजन, तोंडाला रबर. वाटेत तो श्वास घेतो, त्याने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी आम्लधर्मी होत जातं. अंगातून अमोनियाही बाहेर पडतो, पण त्या आम्लात तो बहुतांशी अमोनियम होऊन राहतो आणि अमोनियम फारसा बाधत नाही. खरा धोका पुढे असतो. पिशवी उघडली की साठलेला वायू उडून जातो, आम्लता उतरते, आणि जो अमोनियम गप्प होता त्याचा अमोनिया होऊन तो माशाचे कल्ले जाळायला लागतो.

आता आपली समजूत अशी की नवख्या जिवाला हळूहळू सरावू द्यावं. बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडत तास-दोन तास बसावं. जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाला हे चालतं. दोन-तीन दिवस पिशवीत काढलेल्या माशाला मात्र ही हळुवार माया विषात बसवून ठेवते. त्याच्यासाठी आधीच वेगळी टाकी तयार पाहिजे. तिचं पाणी दुकानातल्या पाण्याच्या जवळपास मऊ पाहिजे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, नळाचं त्याहून बरं पण क्लोरीनचं, म्हणून मी फिल्टरचं पाणी मिसळतो, क्लोरीन मारणारे थेंब टाकतो आणि मीटरने मोजून बघतो. बंद पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवायची, दोन्हीकडचं पाणी सारखं उबदार झालं की उघडायची, पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं आणि मासा मगात घेऊन सोडायचा. जाळी लावायची नाही. या माशाच्या गालावर आणि परांवर काटे असतात, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना मोडतात. मग दिवा बंद. त्या दिवशी खायला काही नाही.

दया दाखवायला हात आधीच शिवशिवत असतात. इथे ते आवरावे लागतात. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात आधी ज्ञान आणि मग दया असा क्रम लावून दिलेला आहे. पूर्वी मला तो कोरडा वाटायचा. दया ही आतून येणारी गोष्ट, तिला कसली परीक्षा पास व्हायला लावता, असं वाटे. अमोनियाची ही भानगड समजल्यावर तो क्रम पटला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक जैन काकी राहतात. दर कार्तिकी पौर्णिमेला कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथाच्या यात्रेला जातात. त्या दिगंबर आणि दशवैकालिक सूत्र श्वेतांबरांकडचं, तेव्हा हा दाखला त्यांच्यापुढे करण्यात अर्थ नव्हता. पण पार्श्वनाथांची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. एक तापस अग्नी पेटवून तप करत होता. जळणाच्या लाकडात नाग-नागिणीचं जोडपं होतं. राजकुमार पार्श्वाला ते ज्ञानाने कळलं, तापसाला कळलं नाही. मला वाटतं, त्या तापसाच्या मनात क्रौर्य नव्हतं. लाकडाच्या आत कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. पण आतल्या जिवांना भाजायला तेवढं पुरलं.

मासा लाकडाआड जाऊन बसला आणि खाईना. रात्री दिवे मालवल्यावर काकडीची चकती स्टीलच्या चमच्याला खोचून तळाशी ठेवायची. सकाळी ती तशीच. दोडका किंचित उकडून ठेवला, तोही तसाच. पालक, लाल भोपळा, शेवाळाच्या विकतच्या टिकल्या, सगळं सकाळी काढून टाकायचं. ठेवलं तर सडतं आणि पाणी नासतं. काकी कशाला तरी वर आल्या होत्या, त्यांनी चमचा पाहिला.

"भाऊ, खायलाय का तो?"

"नाही ना अजून."

"मग तुमी काय करायलात?"

"खाऊ घालायचं बघायलोय. पुण्याचं काम आहे, काकी."

"पुण्याचं कसलं?" काकी म्हणाल्या. "धरून आणलेल्याला जेवू घालणं पुण्य असतं, तर हर्सूल जेलच्या भटारखान्यात पुण्याच्या राशी लागल्या असत्या."

त्या चहा पिऊन गेल्या. मी तिथेच बसून राहिलो.

तत्त्वार्थसूत्र जैनांच्या दोन्ही पंथांना मान्य. त्याच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाव्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत: बंध, वध, छेद, अतिभार लादणं आणि अन्नपाणी अडवणं. ही यादी गोठ्यातल्या जनावरांना समोर ठेवून केलेली वाटते. पण माझ्या माशाचा प्रवास तिच्याशेजारी मांडून बघा. प्रवासाआधी उपाशी ठेवणं हा पाचवा अतिचार, आणि तो त्याच्या भल्यासाठी म्हणून केलेला. पिशवी हा बंध. पूज्यपादांनी आपल्या टीकेत बंधाचा अर्थ सांगितला आहे तो जीवाला हव्या त्या ठिकाणी जाण्याला अडथळा असा. तिथे दोरीची अट नाही. म्हणजे माझी साडेतीन फुटी टाकी, तिच्यातला हीटर, हवेचा पंप, हौसेने आणलेलं लाकूड, हे सगळं धरून बंधच. मासा पंचेंद्रिय, हे काकी मला दोनदा ऐकवून गेल्या. विज्ञान या बाबतीत जरा उशिरा जागं झालं: स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर वेदना टिपणारे चेतातंतू असल्याचं २००३ मध्ये दाखवलं.

काकींना उत्तर द्यायचं म्हणून मी आधी नाथांकडे गेलो. नाथ आमचे घरचे. गळ्यात माळ आहे, एकनाथी भागवताचं पारायण घरात होतं. आणि माझ्या टाकीतलं पाणीसुद्धा नाथांचंच म्हणायचं. शहराला पाणी येतं ते जायकवाडीच्या जलाशयातून, आणि त्याचं नाव नाथसागर. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. माझ्या आजोळचं गाव त्या पाण्याखाली आहे, ते जाऊ द्या.

नाथांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. काशीहून कावडीने आणलेलं गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायचं होतं. वाटेत वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजलं. शिंगूच्या माशाला नाथसागराचं पाणी देणारा मी त्याच परंपरेतला, असं म्हणायचा मोह मला झाला. पण ते गाढव उन्हाने तहानलेलं होतं, नाथांमुळे नव्हे. समजा नाथांनीच ते गाढव वाळवंटात खुंट्याला बांधलं असतं आणि मग त्याला पाणी पाजलं असतं, तर ही गोष्ट कोणी जपली असती का? पाणी तेच, गाढव तेच, पाजणारा हातही तोच. फरक पडतो तो बांधण्याने.

इथे मला माझी खातेवही आठवली. बँकेत आलेला पैसा दिसायला एकच असतो, नोट नोटेसारखीच. पण तो ठेवीचा आहे की कर्जफेडीचा, यावर तो कुठे लिहायचा ते ठरतं. कर्जाचा हप्ता भरून गेलेला माणूस बचत वाढली म्हणून पेढे वाटत नाही. घाटावरची आई ठेव ठेवत होती. गोदावरीतले मासे मोकळे होते, आले तर आले. महाडजवळ वाळण कोंडाला काळ नदीच्या डोहात वरदायिनीचे मासे आहेत, वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत तिळसेश्वराचे आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, कोणी जाळं टाकत नाही, आणि माशांना वाटलं तर ते खडकाआड निघून जातात. तिथे दिलेली चिमूट ही भूतदया. माझ्या चमच्यावरची काकडी हा हप्ता आहे. मी ऋणको, आणि काचेपलीकडे खपाटीला गेलेलं पोट घेऊन बसलाय तो धनको.

हे एकदा मान्य केलं की बरंच काही सरळ होतं. कोणी म्हणतं, नदीत राहिला असता तर मोठ्या माशाने खाल्ला असता, इथे हीटरसकट सुखात आहे, त्याचं प्रारब्ध चांगलं. प्रारब्धाचा हा हिशेब सावकारही कुळाला ऐकवायचे. दुसरं, तो खात नाही म्हणून मला राग येत होता, तो गेला. इतकं करतोय आणि हा ढुंकून बघत नाही, हे दात्याचं दुखणं आहे. देणेकऱ्याला ते शोभत नाही. आमच्या एका मित्राने तर तो मासा उपवास करतोय, साधू आहे, असा विनोद केला. उपवास म्हणायला समोर आपलं अन्न असावं लागतं आणि समजून-उमजून ते बाजूला सारणारा असावा लागतो. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध सोडलं, तो निर्णय होता. माझा मासा खात नव्हता, कारण काकडी हे अन्न आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

अवधूताच्या चोवीस गुरूंत मासा आहे. जिभेच्या लोभाने गळाला लागतो, म्हणून. एकनाथी भागवतात हे प्रकरण वाचताना मी माझ्या टाकीकडे बघायचो आणि कुठेतरी जमत नाही असं वाटायचं. मग शिंगूवर मासे कसे धरतात ते वाचलं. तिथे पाणबुडे तोंडात हवेची नळी धरून बुडी मारतात आणि खडकांच्या फटींतून हे मासे काढतात. गळ नाही, आमिष नाही. म्हणजे माझ्या माशाने जिभेपायी काही गमावलेलं नाही. लोभ होता तो माझ्या डोळ्यांचा, त्या पिवळ्या ठिपक्यांचा. चोवीस गुरूंत रूपाला भुलणारा पतंग आहे. माझा धडा त्या पानावर होता.

देणं म्हटलं की धनकोला कशात घ्यायचं ते धनको ठरवतो. मी जे देत होतो ते माझ्या स्वयंपाकघरातलं होतं. गोल्ड नगेट नदीत खातो तो खडकावरचा शेवाळाचा थर, आणि त्या थरात राहणारे बारीक जीव. मग मी गच्चीवर निळी घमेली मांडली, त्यात टाकीतलंच जुनं पाणी आणि नदीतले गुळगुळीत गोटे. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाचा एवढा एक उपयोग: काही दिवसांत गोटे हिरवे होतात. रात्री एक गोटा टाकीत ठेवायचा. मंडळींना हे पटायला वेळ लागला. काच घासून लख्ख करावी ही त्यांची शिस्त, आणि मी म्हणतोय मागची काच पुसू नका. पण टाकीत जितकं जुनं, शेवाळलेलं, तितकं या माशाला जगायला सोपं. माशांचा अमोनिया पचवून आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू याच चिकट थरात राहतात. नवी कोरी चकचकीत टाकी म्हणजे माशाच्या दृष्टीने ओसाड जागा.

एका सकाळी गोट्याच्या हिरव्या अंगावर पट्टे दिसले. बोटभर रुंदीचे, एकमेकांना छेदत गेलेले, आणि पट्ट्यांच्या आत दगड मूळ करड्या रंगावर आलेला. कडेला शेवाळ शाबूत. जवळून पाहिलं तर पट्ट्यात बारीक समांतर रेघा होत्या, दातांच्या. पुढे तो काचेला चिकटून बसला तेव्हा त्याचं पोट दिसलं. खळगा भरत आला होता.

पण नुसत्या शेवाळावर भागत नाही, आणि इथे आमच्या घरात खरा वाद झाला. त्याला थोडं मांसान्नही लागतं. दुकानात ब्लडवर्मच्या गोठवलेल्या वड्या मिळतात. लाल अळ्या त्या. माळकऱ्याच्या घरात, ज्या फ्रीजरमध्ये गुरुवारच्या नैवेद्याचं ओलं खोबरं असतं, तिथे ती वडी ठेवायची? मंडळींनी साफ नाही म्हटलं. "अहो, त्याला जगवायला किती मारणार?" हा प्रश्न सोपा नाही. आपल्या धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थानं मानली आहेत, पंचसूना: चूल, जातं किंवा पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा हंडा. रोजच्या जगण्यात या पाच ठिकाणी जीव मरतात, आणि त्याच्या परिमार्जनासाठी रोजचे पाच महायज्ञ. त्यात भूतयज्ञ आहे, कावळ्या-कुत्र्यांचा घास आहे. मला या हिशेबाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी की त्यात पाण्याचा हंडासुद्धा सोडलेला नाही. माझी टाकी ही सहावी सूना आहे, आणि ती चुलीसारखी अपरिहार्यही नाही. ती मी हौसेने मांडलेली.

मग अळ्या द्याव्यात की नाहीत? काकींचं म्हणणं, पाप वाढवू नका, मिळेल त्यावर जगेल तितका जगू द्या. माझं मत वेगळं पडलं आणि अजूनही तेच आहे. मी त्याला धरून ठेवलाय, त्यात माझं व्रत त्याच्यावर लादलं तर तो दुसरा बंध. माळ माझ्या गळ्यात आहे, त्याच्या नाही. वडी घरात येते, वेगळ्या डब्यात, शेजारच्या मेडिकलवाल्याच्या फ्रीजमधून, आठवड्यातून थोडी. काकींना हे पटलेलं नाही, आणि त्या चुकतात असं मी म्हणणार नाही. अळ्यांच्या बाजूने बोलणारं त्या वादात कोणीच नव्हतं, हे खरंच आहे.

पाण्याचा वाद त्याहून जुना. "माणसाला पाणी मिळंना आन् तुमच्या माशाला," हे मी जिन्यात ऐकलं आहे आणि ऐकून घेतलं आहे. दर आठवड्याला टाकीतलं काही पाणी बदलावंच लागतं, नाहीतर नायट्रेट वाढत जातं. ते काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला आणि काकींच्या मोगऱ्याला जातं. झाडांना ते मानवतं. उन्हाळ्यात चाळिशीच्या पुढे पारा गेला की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि हा तर खळाळत्या पाण्यातला मासा. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी हवेचा पंप, मग पंखा. टीव्ही शेवटी. यात त्याग-बिग काही नाही. हप्ता हप्त्याच्या तारखेला जातो.

सगळ्यात अवघड राहिलं ते मुद्दल. एवढं कळतंय तर सोडून का देत नाही, हे काकींनी विचारलंच. कुठे सोडू? शिंगूच्या ज्या मोठ्या वळणावर हे मासे राहतात, तिथलं पुष्कळसं पाणी बेलो मोंते धरणाने दुसरीकडे वळवलं. २०१६ पासून तिथे वीज तयार होऊ लागली. त्याच नदीतला दुसरा प्लेको, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा, इतका संकटात आला की २०२२ मध्ये पनामातल्या परिषदेत वन्य जिवांच्या जागतिक व्यापारनियंत्रणाच्या सर्वांत कडक यादीत त्याला घालावं लागलं. म्हणजे जिथून आणला तिथेही आता त्याची जागा आक्रसली आहे. आणि इथे, हर्सूल तलावात किंवा सलीम अली सरोवरात? गोल्ड नगेट तिथे थंडीने मरेल. साधा सकर मरणार नाही, ते आणखी वाईट. दोन-अडीच इंचाचा म्हणून घेतलेला हा मासा फूट-दीड फुटाचा होतो, टाकीत मावत नाही, मग लोक त्याला 'जीवदान' म्हणून पाण्यात सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात आणि आंध्रच्या तळ्यांत तो असा माजला आहे की कोळ्यांची जाळी फाडतो, त्याला बाजारात भाव नाही, आणि तळाचं खाणं व जागा देशी माशांना उरत नाही. आपल्या उजनीतूनही तो जाळ्यात येत असल्याच्या बातम्या आहेत. एका जिवाला सोडल्याचं समाधान घरी आणायचं आणि त्याची किंमत तळ्यातल्या मरळ-कोळंबीने मोजायची, याला दया म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातून आपला हप्ता भरणं.

म्हणून माझं मुद्दल फिटणारं नाही. हे काकींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग निदान नवं कर्ज काढू नका." काढलेलं नाही. हा मासा नीट जगला तर बरीच वर्षं जगेल, कदाचित माझ्याहून जास्त; मुलाला टाकीचं सगळं लिहून दिलंय, पाण्याचं माप, गोट्यांची घमेली, दिवे कधी मालवायचे ते.

आता एक विनंती. घरात सकर मोठा झाला असेल तर तळ्यात, विहिरीत, खाम नदीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असणाऱ्याला द्या. आणि दुकानात गेलात तर प्लेको काचेला चिकटलेला असताना त्याचं पोट बघा, दुकानदाराला त्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. पोट आत गेलेलं असेल, डोळे खोल गेले असतील, तर घेऊ नका. त्याची कीव आली म्हणून तर मुळीच घेऊ नका. त्याची रिकामी झालेली जागा भरायला पुढच्या खेपेत दुसरा येतो.